वेठीच्या सैनिकाचे पूर्ववृत्त

इंग्रजीत गेल्या काही दशकांत ‘डार्क फँटसी’ या नावाने जो कथाप्रकार रूढ झाला आहे, त्याला मराठीत काळोखी अद्भुतिका म्हणता येईल. या अद्भुतिकेत एक पात्र इतक्या वेळा भेटते की ते आता त्या प्रकाराचे ठरीव पात्र मानावे लागते. राजाच्या किंवा एखाद्या मांत्रिक सत्तेच्या हुकमाने त्याला सैन्यात ओढून आणलेले असते. लढण्याची त्याची इच्छा नसते. कथानक थोडे स्थिरावले की एखाद्या रात्री, तळावरच्या शेकोटीपाशी, त्याचे दुःखद पूर्ववृत्त वाचकाच्या हाती दिले जाते. गाव जाळले गेलेले असते, आईबाप डोळ्यांदेखत मारले गेलेले असतात, धाकट्या बहिणीला वाचवता आलेले नसते. हे ऐकून सोबती गप्प होतात आणि वाचकालाही त्या माणसाच्या नाखुशीचा उलगडा झाल्यासारखे वाटते.

उलगडा नेमका कशाचा झाला, हे मात्र तपासून पाहण्यासारखे आहे. मरू नये आणि मारू नये असे वाटणे ही माणसाची स्वाभाविक अवस्था होय; तिला कारण लागत नाही. कारण लागते ते सक्तीला. दुःखद पूर्ववृत्ताची योजना हा क्रम उलटा करते. घरी राहू इच्छिणाऱ्या माणसाकडून ती खुलासा मागते आणि त्याला ओढून नेणाऱ्या सत्तेला खुलाशातून सूट देते. जळलेल्या गावाची हकीकत जितकी हृदयद्रावक, तितका भरतीचा हुकूम ऊनपावसासारखा निसर्गक्रमातला वाटू लागतो.

या योजनेला केवळ वाङ्मयीन संकेत समजून चालणार नाही. व्यवहारात तिला एक जुना आधार आहे. ब्रिटनमध्ये जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला, तेव्हा सूट मागणाऱ्यांचे अर्ज ऐकण्यासाठी स्थानिक न्यायाधिकरणे बसली. आपण का जाऊ इच्छित नाही, हे अर्जदाराने त्यांना पटवून द्यावयाचे असे. अमेरिकेत १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबेपर्यंत, सदसद्विवेकबुद्धीला स्मरून नकार देणाऱ्या तरुणाला स्थानिक भरती मंडळापुढे आपल्या श्रद्धेचा उगम आणि तिच्याशी सुसंगत असे आयुष्य यांचा हिशेब द्यावा लागे. मंडळाने विचारावयाचे आणि अर्जदाराने सांगावयाचे, अशी ही रीत. अद्भुतिकेतील शेकोटी पुष्कळदा या मंडळाचीच जागा घेते आणि वाचक नकळत न्यायाधीशाच्या आसनावर जाऊन बसतो. ज्याची कहाणी पुरेशी करुण, त्याची नाखुशी ग्राह्य. ज्याच्यापाशी सांगण्यासारखे दुःख नाही, तो भित्रा.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला हे पात्र अपरिचित नाही. वाल्मीकि रामायणातील मारीच हा नाखुशीने कामगिरीवर पाठविलेल्या योद्ध्याचा फार जुना आणि फार स्पष्ट नमुना होय. विशेष म्हणजे त्याला दोन पूर्ववृत्ते आहेत. पहिले बालकांडात विश्वामित्र रामाला सांगतात. सुकेतू यक्षाची कन्या ताटका, तिचा पती सुंद, सुंदाचा मृत्यू, सूडासाठी अगस्त्यांवर धावून जाणारे मायलेक आणि त्यांना मिळालेला शाप, असा तो वृत्तान्त आहे. सामग्री करुण आहे; परंतु तो सांगितला जातो ताटकेचा वध करण्यापूर्वी, आणि स्त्रीवधाविषयी रामाच्या मनात संकोच राहू नये म्हणून. दुसऱ्याने सांगितलेले पूर्ववृत्त हे येथे सत्तेच्या हातचे साधन आहे.

दुसरे पूर्ववृत्त अरण्यकांडात मारीच स्वतःच्या तोंडाने रावणाला सांगतो. विश्वामित्रांच्या यज्ञाच्या वेळी रामाच्या बाणाने आपण शंभर योजने दूर समुद्रात कसे फेकले गेलो, पुढे दंडकारण्यात मृगरूपाने हिंडताना दोन सोबती कसे मेले आणि आपण कसे निसटलो, तेव्हापासून झाडाझाडांत आपल्याला राम कसा दिसतो, ‘र’ या अक्षराने सुरू होणारे रत्न किंवा रथ असे शब्दही कसे थरकाप उडवितात, हे तो सांगतो. शस्त्र टाकून तापसाचे जीवन पत्करलेल्या, युद्धाने आतून मोडलेल्या माणसाचे हे निवेदन आहे. अशा निवेदनानंतर श्रोत्याचे मन द्रवावे, ही आजच्या अद्भुतिकेची अपेक्षा असते. वाल्मीकींचा रावण द्रवत नाही. तो प्रथम अर्ध्या राज्याचे आमिष दाखवितो आणि मग स्पष्ट बजावतो की आज्ञा मोडलीस तर येथेच मारीन. दोन्ही बाजूंना मरण आहे हे ओळखून मारीच शत्रूच्या हातचे मरण निवडतो.

या प्रसंगाचे बळ मारीचाच्या दुःखापेक्षा रावणाच्या बहिरेपणात आहे. पूर्ववृत्त येथे युक्तिवाद म्हणून मांडले जाते, ते सत्य असते, आणि तरीही ते फेटाळले जाते. ते फेटाळले गेल्यामुळेच सत्तेचे स्वरूप उघडे पडते. पुढे तुलसीदासांच्या रामचरितमानसात हाच मारीच रामाच्या हातून येणाऱ्या मृत्यूचा विचार करून मनोमन हर्षित होतो. भक्तिकाव्याच्या दृष्टीने हे रूपांतर सुसंगत आणि सुंदरही आहे. परंतु त्यात सक्तीची धार बोथट होते, हेही नोंदवावयास हवे. मरणाला मोक्षाचा अर्थ लाभला की ते लादणाऱ्याला जाब विचारण्याची निकड उरत नाही.

आधुनिक अद्भुतिकेतही याची जाणीव असलेले लेखक आहेत. जे. आर. आर. टॉल्किन १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत होते. ‘द टू टॉवर्स’ (१९५४) या त्यांच्या ग्रंथात शत्रुपक्षाकडून लढणारा दक्षिणेकडचा एक सैनिक सॅम गॅमजी या माळ्याच्या समोर येऊन कोसळतो. त्याचे नाव काय असेल, तो खरोखर मनाचा दुष्ट होता की कोणाच्या थापांनी किंवा धमक्यांनी त्याला घरापासून इतक्या दूर आणले, घरीच स्वस्थ राहणे त्याला अधिक आवडले नसते काय, असे सॅमच्या मनात येते. या प्रश्नांना ग्रंथात उत्तर मिळत नाही. मृताचे गाव, त्याची माता, त्याची प्रेयसी यांपैकी काहीही टॉल्किन पुरवीत नाहीत. तरीही तो सैनिक वाचकाच्या मनातून जात नाही, कारण सॅमने विचार केला तो त्याला येथवर आणणाऱ्या हाताचा.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यसेवेला सदसद्विवेकबुद्धीच्या आधारे नकार दिला होता आणि १९७२ ते १९७४ या काळात पर्यायी सेवा केली होती. ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ (१९९६) या त्यांच्या कादंबरीत उत्तरेच्या भिंतीवर पहारा देणाऱ्या दलात कैदी, चोर आणि नको असलेले मुलगे भरलेले आहेत. त्यांतील सॅमवेल टार्ली आपली कहाणी सांगतो ती अशी: बापाने सांगितले की भिंतीवर जा, नाहीतर शिकारीत अपघात होऊन तू मरशील. मारीचापुढचाच हा पेच आहे. येथे दुःख आणि सक्ती यांच्यात अंतर नाही. त्याचे पूर्ववृत्त हाच त्याच्या भरतीचा वृत्तान्त आहे. ‘अ फीस्ट फॉर क्रोज’ (२००५) मध्ये मेरीबाल्ड हा अनवाणी हिंडणारा धर्मोपदेशक युद्धातून पळालेल्या माणसांविषयी बोलतो. साधी माणसे धन्याच्या निशाणाखाली कशी निघतात, वाटेत त्यांचे जोडे आणि कपडे कसे फाटतात, भाऊबंद कसे मरतात आणि एके दिवशी त्यांचे मन कसे मोडते, हे तो सांगतो. ही कोणा एकाची कथा नव्हे. ती एक प्रक्रिया आहे. स्वतःविषयी तो अखेरीस, विचारले गेल्यावरच, चार वाक्ये बोलतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. सैन्य म्हणजे आकडा. पूर्ववृत्त त्या आकड्यातून एक माणूस वेगळा काढते. मग त्याला नाव, गाव, आठवण देण्यात गैर काय? गैर काहीच नाही. परंतु आठवण आणि खुलासा यांत भेद केला पाहिजे. नांगर, लग्न, अर्धवट राहिलेले घर यांची आठवण माणसाला माणूसपण देते. तीच त्याच्या नकाराचे प्रमाणपत्र म्हणून वापरली गेली, तर अपवादात्मक दुःख भोगलेल्यालाच सक्तीतून सुटण्याचा नैतिक अधिकार आहे असा अर्थ होतो. शेजारच्या राहुटीतल्या, सुखी घरातून आलेल्या मुलाचा तेवढाच अधिकार त्यात नाकारला जातो.

भारतीय परंपरेपुरते पाहिले तर या विषयाचे एक अंग अद्याप रिकामे आहे. ‘वेठीस धरणे’ या मराठी प्रयोगातील वेठ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’पासून आला. महाभारताच्या शांतिपर्वात सैन्याची आठ अंगे सांगताना रथ, गज, अश्व आणि पायदळ यांच्याबरोबर ‘विष्टि’ही मोजली आहे, म्हणजे वेठीला धरलेली माणसे हा सैन्याचा मान्य अवयव होता. भीष्म कोण होते, शिखंडी कोण होता, शल्य कौरवपक्षात कसा अडकला, हे महाभारत सविस्तर सांगते. एका अक्षौहिणीत १,०९,३५० पायदळ, या हिशेबाने अठरा अक्षौहिणींचे १९,६८,३०० पदाती होतात. त्यांना पूर्वजन्म नाही, शाप नाही, कोणी वर दिलेला नाही. विष्टीची तर संख्याही दिलेली नाही.

महाभारतावर आधारलेले लेखन भारतीय भाषांत आजही विपुल होते, आणि इंग्रजी अद्भुतिकेचे संस्कारही नव्या लेखकांवर होत आहेत. या दोहोंच्या संगमावर वेठीचा सैनिक केव्हातरी कथेच्या मध्यभागी येईल. त्या वेळी त्याला एक जळके गाव बहाल करून मोकळे होणे सोपे आहे. त्याच्या दारात हुकूम घेऊन कोण आले, कोणाच्या नावाने आले, आणि तो नाही म्हणाला असता तर काय झाले असते, एवढे तरी लेखकाने आधी सांगावे. मग तो सैनिक शेकोटीपाशी गप्प बसून राहिला तरी चालेल.