गव्याच्या घरी जाताना

'राधानगरीचे दरवाजे उघडले' अशी बातमी आली की आमच्या कसबा बावड्यात पहिला प्रश्न असतो, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? 39 ला इशारा, 43 ला धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ. 2019 च्या महापुरात तर ते 55 च्याही वर गेलं होतं. पण हे पाणी ज्या रानातून खाली येतं, ते रान आपल्यापैकी किती जणींनी बघितलंय? गणपतीपुळे होतं, महाबळेश्वर होतं, जोतिबा तर दरसालचा. दाजीपूर मात्र 'जाऊ की, इथंच तर आहे' असं म्हणत राहून जातं.

खरं तर नातं जुनं आहे. ज्यांचा जन्म 1874 साली आपल्या बावड्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये झाला, त्या शाहू महाराजांनीच राधानगरीचं धरण बांधायला घेतलं आणि गावाला लेकीचं, राधाबाईंचं नाव दिलं. एके काळी हे कोल्हापूरच्या राजांचं शिकारीचं रान. 1958 मध्ये दाजीपूरचं गवा अभयारण्य झालं, 1985 मध्ये ते वाढवून राधानगरी अभयारण्य झालं, साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वर. 2012 मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा ठरला, त्यात महाराष्ट्रातली जी चार ठिकाणं आहेत त्यातलं हे एक. काससाठी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते, आणि आपण आपल्या दारातलं बघत नाही!

पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, दिवाळीच्या सुमारास उघडतं. निघण्याआधी वनखात्याकडे चौकशी जरूर करा, नाहीतर ऐंशी किलोमीटर जाऊन फाटकावरून परत. आत कच्चा रस्ता आहे, आपली छोटी गाडी तिथं घालू नका. स्थानिक जीप आणि गाईड घ्या, त्या निमित्तानं तिथल्या माणसाच्या घरात चार पैसे जातात. राधानगरीपर्यंत एसटीनं गेलात तर 2023 पासून आपल्याला तिकीट अर्धंच आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना तर फुकट.

आता मुद्द्याचं बोलते. सहल म्हटली की घरातल्या बाईची झोप आदल्या दिवशीच उडते. पहाटे तीनला उठून पन्नास धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, दही, भडंग, पोरांचे स्वेटर, सासऱ्यांच्या गोळ्या. सगळे गाडीत बसल्यावर ही कुलूप लावून शेवटी येते, आणि जागा मिळते ती मागची, मधली, पायाशी पिशव्या. जंगलात गाडी थांबते, सगळे खिडकीतून बघतात, हिला दिसतात पुढच्यांच्या पाठी. परत आल्यावर 'मम्मी, तू गवा बघितलास?' 'बघितला की' म्हणून ही डबे घासायला. हे मी कितीतरी घरांत बघते, आणि दरवेळी माझं डोकं फिरतं. मैत्रिणींनो, न्याहारीपुरत्या दशम्या-चटणी बांधा. दुपारचं जेवण राधानगरी-दाजीपूरकडं घरगुती करून देतात, आदल्या दिवशी सांगून ठेवा. दुसऱ्या बाईच्या हातची गरम भाकरी आयती खाण्यात काय सुख आहे ते एकदा अनुभवा. औषधांची पिशवी ज्याची त्यानं सांभाळावी. आणि जीपमध्ये खिडकीची जागा आधी धरा, अगदी निर्लज्जपणे. आणखी एक, स्वच्छतागृहाची अडचण होईल म्हणून सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या आपण! तसं करू नका. आत शिरण्याआधी कुठं सोय आहे ते पुरुषांना विचारायला लावा, त्यांनाही कळू दे की हा प्रश्न असतो.

गवा दिसेलच असं नाही. ते काही प्राणीसंग्रहालय नव्हे. पोरांना घरातूनच सांगून ठेवा, म्हणजे तिथं 'कुठाय, कुठाय' होणार नाही. पहाटे नाहीतर ऊन उतरल्यावर शक्यता जास्त. काळाभोर, हजार किलोच्या घरातला नर आणि पायात जणू पांढरे मोजे घातलेले, असा तो समोर आला की भलेभले गप्प होतात. नाहीच दिसला तर शेकरू आहे, आपला राज्यप्राणी, झाडाच्या शेंड्यावर. कपडे मळखाऊ रंगाचे घाला, मोबाईलची गाणी बंद, गाडीतून उतरायचं नाही, खाऊ टाकायचा नाही. डब्याबरोबर रिकामी पिशवी घ्या, कचरा आपल्या घरी.

हे इतकं सांगायचं कारण आहे. डिसेंबर 2020 मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये गवा शिरला आणि मागे लागलेल्या गर्दीनं दमून-भिऊन त्या मुक्या जिवानं प्राण सोडला. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या वेशीवर गवा आला, तेव्हाही मोबाईल घेऊन पळणारे कमी नव्हते. गवा स्वभावानं बुजरा, पण कोंडला की शिंग उचलतोच.

आणि रानाच्या कडेला शेत असलेल्या बाईला विचारा. आपल्याला गवा दिसला की आपण टाळ्या पिटतो, तिच्या उसात शिरला की तिचं वर्षाचं गणित बसतं खाली. रात्री राखणीला जाणाऱ्या नवऱ्याची वाट बघत ती जागी असते. भरपाईची सरकारी सोय आहे, पण पंचनामा, कागद, हेलपाटे यात किती दिवस जातात ते तिला माहीत. जिथं जेवाल तिथं थोडा वेळ बसा, तिच्याशी बोला. पोरांना ऐकू दे. गाईडनं सांगितलेल्या नावांपेक्षा तिनं सांगितलेलं त्यांच्या जास्त ध्यानात राहील, असं मला वाटतं.