दम ओसरल्यानंतरचे दिवस

मृग नक्षत्र लागले की हैदराबादेत दमेकऱ्यांची जत्राच भरते. बथिनी घराण्यातले लोक जिवंत माशाच्या तोंडात पिवळे औषध भरून तो मासा गिळायला देतात. पैसा घेत नाहीत. परभणीजवळच्या पिंगळीवरून जाणारा रूळही पुढे सिकंदराबादलाच पोचतो, त्यामुळे आपल्याकडच्यांना ही वाट नवी नाही. या औषधाचा गुण शास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झालेला नाही. पण त्यातली एक अट मला महत्त्वाची वाटते. लागोपाठ 3 वर्षे यायचे आणि दर खेपेला 45 दिवस पथ्य पाळायचे. लोक ते निष्ठेने पाळतात!

मग हीच माणसे दवाखान्यातून सुटल्यावर परत का फिरकत नाहीत? अडाणीपणा, हे उत्तर सोपे आहे आणि चुकीचे आहे. परत या, असे त्यांना कोणी नीट सांगतच नाही. प्राणवायू लावला, वाफ दिली, सुई टोचली, धाप बसली. खाट रिकामी करायची घाई दवाखान्याला आणि मजुरी बुडते म्हणून रोग्यालाही. हातात 5-7 दिवसांच्या गोळ्यांची चिठ्ठी. छातीतली सूं-सूं थांबली तरी श्वासनलिकेची सूज आठवड्याभरात जात नाही. एकदा अत्यवस्थ झालेल्याला पुन्हा तसाच झटका येण्याचा धोका इतर दमेकऱ्यांहून जास्त असतो. ब्रिटनमध्ये 2014 साली दम्याच्या 195 मृत्यूंची छाननी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी 19 जण रुग्णालयातून घरी गेल्यावर 28 दिवसांच्या आत दगावले होते. तिथे ही स्थिती, तर कापसाच्या धुळीत आणि चुलीच्या धुरात राहणाऱ्यांचे काय?

रोज ओढायच्या पंपाची तर आपल्याला भीतीच बसली आहे. ‘एकदा लागला की सुटत नाही,’ म्हणतात. मुलीला पंप असेल तर सोयरीक मोडेल म्हणून तो ट्रंकेत लपवतात. उलट झटक्याच्या वेळी दिवसाला 40 मिलिग्रॅम, म्हणजे 40 हजार मायक्रोग्रॅम स्टिरॉइड पोटात जाते, त्याची कोणाला धास्ती नाही. पंपाच्या एका मात्रेत असते साधारण 200 मायक्रोग्रॅम, आणि तेही थेट फुप्फुसात. वर्षानुवर्षे अशा गोळ्यांचे फेरे घेणाऱ्यांची हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू लवकर येतो.

बाळंतिणीच्या घरी आशाताई ठरल्या दिवशी जाते, 42 दिवसांत 6 वेळा. ही व्यवस्था आपणच उभी केली आणि ती चालते. मग दम्याने अत्यवस्थ होऊन परतलेल्याच्या घरी आठवड्याच्या आत एक फेरी का नसावी? तिने औषध बदलायचे नाही. फक्त पंप मागून घ्यायचा, त्यात औषध शिल्लक आहे का पाहायचे आणि समोर ओढून दाखवायला सांगायचे. पुष्कळांचे औषध जिभेवरच राहते.