दुबार पेरणीला लाज कसली?



मृगाच्या पावसावर सोयाबीन पेरलं आणि मग वीस दिवस आभाळ कोरडं गेलं, तर तुम्ही काय करता? दोन दिवस घास गोड लागत नाही. तिसऱ्या दिवशी रानात जाऊन माती उकरून बघता. बी सडलं का, खोल पडलं का, की ओलच पुरली नाही? मग उसनंपासनं करून दुबार पेरता. त्याची लाज कोणी धरत नाही. पण घरातला मुलगा परीक्षेत नापास झाला की आपण कारण शोधत नाही, त्यालाच टोचत बसतो.

उदगीर, देवणी, जळकोट भागातली मुलं आयटीआय शिकतात, वायरमनच्या हाताखाली राबतात आणि पुढं इलेक्ट्रिकल सुपरवायझरच्या परवान्याच्या परीक्षेला बसतात. निकालात नाव नसलं की घरात सुतक पडतं. आई गप्प होते. बाप फीचा हिशेब काढतो. भावकीतला कोणी म्हणतो, "कागद कशाला पाहिजे? हाताला काम येतंय की!"

बापाच्या हिशेबापेक्षा हे बोलणं वाईट. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ४५ वा नियम होता : वीजजोडणीचं काम परवानाधारक ठेकेदारानं, दाखला असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखालीच करावं. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांतही ही अट आहे. ती उगाच नाही. मोटारीच्या वायंडिंगचं आवरण आतून गेलेलं असतं, वरून दिसत नाही. मेगरनं ५०० व्होल्टचा दाब देऊन तपासलं, तर इन्सुलेशनचा रोध निदान १ मेगओहम भरायला हवा. तो भरला नाही आणि अर्थिंगही धड नसलं, तर वीज मोटारीच्या लोखंडी अंगात उतरते. त्या मोटारीला ओल्या हातानं शिवणारा माणूस बहुधा घरचाच असतो. म्हणून परवाना मिळेपर्यंत पोराला "एवढी मोटार जोडून दे" असा आग्रह करू नका. तोवर त्यानं परवानाधारकाच्या हाताखालीच काम करावं. त्यात कमीपणा नाही, आणि शिकणंही तिथंच होतं.

आता पोरांनो, तुमच्यासाठी. चार दिवस वाईट वाटू द्या. मग गुणपत्रक घेऊन बसा. सगळंच गेलं, असं सहसा नसतं. हात चालतो पण हिशेब अडतो. स्टार्टर डोळे झाकून जोडता येतो, पण पाच हॉर्सपॉवरची मोटार किती अँपिअर घेईल, हे कागदावर मांडता येत नाही. नकाशा वाचता येत नाही, नियम पाठ नसतात. जे अडलं तेवढं वहीत लिहून काढा आणि रोज तासभर त्यालाच द्या. दिवसा जे काम केलं, त्याचीच आकृती रात्री काढा. आयटीआयच्या जुन्या गुरुजींकडं जायला संकोच करू नका. नापास झालेला विद्यार्थी परत विचारायला आला, तर चांगल्या शिक्षकाला बरंच वाटतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचं होतं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकताना कळलं, की त्यांना रंगच नीट ओळखता येत नाहीत. रंग हातचे गेले, पण रेघ हातात होती. ते यंत्रांची रेखाटनं शिकले, शिकवू लागले. पुढं लोखंडी नांगर केला, तर लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी घेईनात. तरी ते थांबले नाहीत. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. काय गेलं आणि काय उरलं, हे त्यांनी नीट पाहिलं, एवढंच.

मायबहिणींनो, एक गोष्ट तुमच्याच नजरेला आधी पडेल. पोरगं जेवणावरून उठतं, रात्रभर जागतं, "माझं काही खरं नाही" म्हणतं. ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, जवळ बसून बोलतं करा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही घेऊन जा.

आणि घरच्या कर्त्या माणसानं आज रात्री जेवताना एवढंच विचारावं : "कुठला भाग अवघड गेला रे? पुढच्या वेळची फी कधी भरायची?" पोराला त्यातून जे कळायचं, ते कळेल.