मे महिन्यातील दुपार आणि विमानाचा प्रोपेलर

मराठवाड्यात विमानाचा विषय निघाला की चर्चा मुंबईची फेरी, धावपट्टीची लांबी आणि भूसंपादनाचा मोबदला यांच्या पलीकडे सहसा जात नाही. परंतु रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावाजवळ, मुरूम दाबून केलेल्या तोकड्या पट्टीवरून, डॉक्टर आणि औषधे घेऊन उठू शकेल असे लहान विमान या भागाला लाभावे, अशी माझी जुनी इच्छा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे याच लातूर जिल्ह्यातील किल्लारीवर भूकंपाचा जो प्रसंग ओढवला तो ज्यांना स्मरतो, त्यांना या इच्छेचे कारण सांगावे लागणार नाही. असे विमान कधी येवो, त्याच्या नाकावरील प्रोपेलर मात्र इथला उन्हाळा आणि इथली माती पाहूनच निवडला जावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

प्रोपेलरला दोन मापे असतात: एक पात्यांचा व्यास आणि दुसरे पिच, म्हणजे पाती न घसरता फिरली तर एका फेऱ्यात विमान जितके पुढे सरकेल ते अंतर. पायपर सुपर कब या प्रसिद्ध विमानाला सपाट धावपट्टीसाठी ७४ इंच व्यासाचा आणि ५६ इंच पिचचा प्रोपेलर चालतो. पण अलास्कातील वैमानिक, ज्यांना नदीपात्रातील गोट्यांवर उतरावे लागते, ते ८२ इंच व्यास आणि अवघे ४१ इंच पिच पसंत करतात. चढावर ट्रॅक्टरचा खालचा गिअर टाकावा, तसाच हा प्रकार. पिच अधिक असेल तर विमान जागेवर असताना पात्यांवर फार भार येतो, इंजिनाचे फेरे पुरे चढत नाहीत आणि जेव्हा शक्तीची सर्वाधिक गरज असते तेव्हाच ती हाती लागत नाही. उलट कमी पिचचे विमान झटक्यात उठते, परंतु उंचावर वेगाने जाऊ लागले की इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जाऊ पाहतात आणि वैमानिकाला हात आवरावा लागतो. पिच उड्डाणातच बदलणारे प्रोपेलर हा पेच सोडवितात खरे, पण ते वजनाला जड, किमतीला भारी आणि देखभालीला नाजूक असतात.

आता इथली हवा पाहा. हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. त्यात वैशाखात पारा ४० अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ते मैदान दीड हजार मीटरांवर जाऊन बसते. पंखांना उचल कमी, इंजिनाला प्राणवायू कमी आणि पात्यांना पकड कमी, अशी तिहेरी तूट येते. विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील आकडे मात्र बहुधा समुद्रकिनाऱ्यावरील १५ अंशांच्या हवेचे असतात. म्हणून ताशी काही मैलांचा वेग गमवावा, पण चढण्याची ताकद घ्यावी, हा माझा स्पष्ट कौल आहे. लातूर किंवा नांदेडच्या डांबरी धावपट्टीवरूनच जे विमान उडणार, त्याची गोष्ट वेगळी.

मोठ्या व्यासालाही मर्यादा आहेत. ८२ इंची पात्याचे टोक मिनिटाला २,७०० फेऱ्यांत सेकंदाला सुमारे २९० मीटर वेगाने फिरते. ते ध्वनीच्या वेगाजवळ जाऊ लागले की कर्कश आवाज वाढतो आणि ओढ घटते. शिवाय टोक आणि जमीन यांत अंतर हवे, कारण मुरमाचा एखादा खडा उडून पात्याच्या पुढच्या कडेला लागला, तर तिथे नखाला जेमतेम जाणवेल एवढा खाचा पडतो. त्या खाच्यातून तडा वाढत जातो आणि एके दिवशी टोक तुटले, तर असमतोलाने इंजिनच आपल्या जागेवरून उखडू शकते. उड्डाणापूर्वी कडेवरून बोट फिरविणे आणि खाचा आढळल्यास तो परवानाधारक मेकॅनिककडून घासून घेणे, ही रोजची दक्षता आहे. लाकडी पात्यांचे बोल्ट तर इथल्या कोरड्या उन्हाळ्यानंतर, आणि पुन्हा ओलसर आषाढात, तपासून घ्यावेच लागतात. काळ्या मातीत पावसाळी पट्टी करण्याचा विचार मात्र कोणी करू नये. ती चाके सोडत नाही.

महाराष्ट्राला ही विद्या परकी नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, आणि २०२० साली धुळ्यात त्याच्या चाचण्या झाल्या. अशा माणसांचा अनुभव सरकारने विमानखरेदीच्या मसलतीत घ्यावा. कोणत्या विमानाला कोणता प्रोपेलर मंजूर आहे हे त्याच्या प्रमाणपत्रात नमूद असते, आणि ते डावलून काही बसविता येत नाही. म्हणून ही निवड खरेदीच्या दफ्तरातच, निविदेच्या शर्ती लिहितानाच व्हावी, आणि त्या शर्तींत एवढे एक कलम असावे की पूर्ण भार घेऊन, मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, मुरमाच्या पट्टीवरून विमान उठवून दाखविल्याशिवाय रक्कम अदा होणार नाही.