चपलेतली वाळू किनाऱ्यावरच झटका!

सुट्टीत अंदमानला जाऊन आलात, दिल्लीला घरी पोहोचून बॅग उघडली, की आधी काय सांडतं? वाळू! आपण ती झाडून केरात टाकतो. पण हीच वाळू किनाऱ्यावर ओली असताना तिच्यात एक अख्खं गाव नांदत असतं, हे तुम्हाला माहीत आहे का?

वाळूच्या कणांमधल्या पाणी भरलेल्या फटी, हीच या गावातली घरं. इथल्या इवल्याशा प्राण्यांना शास्त्रज्ञ ‘मायोफॉना’ म्हणतात. ते निवडायची पद्धत अगदी आपल्या स्वयंपाकघरातली आहे: चाळणी! १ मिलिमीटरच्या चाळणीतून जे खाली पडतात आणि त्याहून कितीतरी बारीक चाळणीवर अडकतात, ते मायोफॉना.

पण चाळणी फक्त आकार सांगते, नातं नाही. नातं कळतं सूक्ष्मदर्शकाखाली. तिथे दिसतात धाग्यासारखे सूत्रकृमी, कोळंबीचे नातलग कोपेपॉड, चिकट नळ्यांनी कणाला धरून बसणारे गॅस्ट्रोट्रिक आणि पायांच्या चार जोड्यांचं गुबगुबीत पाणअस्वल. प्राण्यांच्या मुख्य गटांना ‘संघ’ म्हणतात. माणूस एका संघातला, खेकडा दुसऱ्या. अशा सगळ्या संघांपैकी निम्म्याहून अधिक संघांचे प्रतिनिधी या वाळूत सापडतात! लोरिसिफेरा नावाचा अख्खा संघ तर १९८३ पर्यंत जगाला माहीतच नव्हता.

आपल्याकडे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या जी. चंद्रशेखर राव यांनी अंदमान-निकोबारच्या वाळूतल्या या जीवांचा अभ्यास केला. तामिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर सापडलेल्या एका नव्या पाणअस्वलाला २०२४ मध्ये चांद्रयान-३ वरून ‘बॅटिलिपेस चांद्रयानी’ असं नाव मिळालं. म्हणजे चंद्रावर पोहोचल्यानंतरही आपण पायाखालच्या शेजाऱ्यांची नावं लिहितोच आहोत!

नाव लिहून होण्याआधी घरच गेलं तर? अंदमानात बांधकामासाठी किनाऱ्यांवरची वाळू उपसली जात होती. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा उपसा टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा आदेश दिला. समुद्रापासून इतक्या दूर, आपल्या दिल्लीत झालेला हा निर्णय! वाळू जागेवर राहिली, तर तिच्यातलं गावही राहतं.

आपल्या हातात काय आहे? मुलांना ओंजळभर ओली वाळू दाखवा, ही गोष्ट सांगा आणि ती वाळू तिथेच सोडा. आठवण म्हणून बाटलीत भरून आणू नका. आणि हो, निघताना चपला किनाऱ्यावरच झटका!