गोड चहा कुणाच्या हातचा?

मे महिन्यातली दुपार. आमच्या गटाची बैठक एका मैत्रिणीच्या घरी भरली होती. विषय होता उन्हाळी अंक. ही मैत्रीण नुकतीच अमेरिकेत, अटलांटाला लेकीकडे राहून आली होती. तिकडे दक्षिणेकडच्या राज्यांत घरोघरी पितात तो बर्फातला गोड चहा तिने आम्हाला दिला. काचेचे उंच ग्लास, तांबूस चहा, वर लिंबाची चकती. उन्हातून आलेल्या आम्ही सगळ्या तृप्त झालो. एक म्हणाली, "याची कृती अंकात देऊ या." दुसरी उसळली, "आपलं काय पाककृतींचं मासिक आहे?" वाद रंगला.

स्वैपाकघराच्या दारात घरकाम करणाऱ्या मावशी रिकाम्या ग्लासांची वाट बघत उभ्या होत्या. चहा त्यांनीच केला होता. निघताना मी त्यांना म्हटलं, "मावशी, चहा फार छान झाला होता." त्या म्हणाल्या, "असेल ताई. मी कुठं प्यायले?"

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. कृती छापायचीच. मात्र अर्धी नाही, पुरती छापायची.

पहिला भाग सोपा आहे. अर्धा लिटर पाणी उकळून गॅस बंद करा. त्यात चार चमचे चहाची पत्ती टाकून पाच मिनिटं झाकून ठेवा. पत्ती उकळू नका, चहा कडू होतो. तिकडे काही घरांत चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात, त्याने तुरटपणा कमी होतो. चहा गाळून, गरम असतानाच अर्धी वाटी साखर विरघळवा. गार चहात साखर तळाशी बसते. मग अर्धा लिटर गार पाणी ओता. चहा निवल्यावरच फ्रिजमध्ये ठेवा, गरम ठेवला तर गढूळ होतो. ग्लासभर बर्फ, त्यावर चहा, वरून लिंबू.

आता दुसरा भाग. तो पाकपुस्तकात सापडत नाही.

१८७९ साली अमेरिकेत 'हाउसकीपिंग इन ओल्ड व्हर्जिनिया' नावाचं पुस्तक निघालं. मॅरियन कॅबेल टायरी या बाईंनी अडीचशे गृहिणींच्या कृती त्यात गोळा केल्या होत्या. बर्फातल्या गोड चहाची जुन्यातली जुनी म्हणून जी छापील कृती दाखवतात, ती याच पुस्तकातली. हिरव्या पत्तीचा चहा सकाळी न्याहारीच्या वेळी करायचा, जेवणाच्या वेळी गाळायचा, संध्याकाळपर्यंत ठेवायचा, मग बर्फ आणि साखर घातलेल्या पेल्यांत ओतायचा. म्हणजे एका पेल्यासाठी दिवसभराचं अवधान. हे अवधान कुणाचं? गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम चौदा वर्षं झाली होती. दक्षिणेतल्या सुखवस्तू गोऱ्या घरांत चुलीशी काळ्या बायका होत्या. कृतींखाली मात्र मालकिणींची नावं.

पुढे मालकिणीचंही नाव गेलं. १९०४ साली सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात रिचर्ड ब्लेचिंडेन या गृहस्थांनी उकाड्यात गरम चहा कुणी घेईना म्हणून त्यात बर्फ घातला, आणि थंड चहाचा शोध लागला, अशी गोष्ट सांगतात. हे गृहस्थ तिथे आपल्याच हिंदुस्थानी चहाचा प्रचार करायला गेले होते. कृती पंचवीस वर्षं आधी छापलेली होती, तरी शोध पुरुषाचा! मैत्रिणींनो, यात नवल वाटण्यासारखं काही आहे का? बाई रोज करते ते घरकाम. पुरुषाने एकदा केलं की तो इतिहास.

दक्षिणेचा 'पाहुणचार' आजही या चहाच्या नावाने मिरवतात. त्या पाहुणचाराची भाषा ऐका. वयाने मोठ्या काळ्या बाईला गोरे लोक 'आँटी' म्हणत. 'मिसेस' म्हणायचं नाही, आडनाव घ्यायचं नाही. मान नाकारायचा तो नात्याचा शब्द वापरून. आणि ही 'आँटी' किती घरातली होती? १९३५ साली अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला, त्यातून घरकामगार आणि शेतमजूर वगळले. १९३८ साली किमान वेतनाचा कायदा झाला, त्यातही घरकामगार बाहेर. त्यांना किमान वेतनाचा हक्क मिळाला १९७४ साली. चहात साखर होती, पगारात नव्हती.

पण त्या गप्प बसल्या नव्हत्या. १८८१ साली अटलांटाच्या धोबिणींनी संप केला. वीसेक जणींनी सुरुवात केली आणि तीन आठवड्यांत तीन हजार झाल्या. १९५५-५६ साली माँटगोमेरीत बसवर बहिष्कार पडला, तेव्हा कामावर रोज पायी गेल्या त्या मुख्यतः घरकाम करणाऱ्या बायका. स्वैपाकीण जॉर्जिया गिलमोर आणि तिच्या साथिणींनी घरी पदार्थ करून विकले आणि चळवळीला पैसा पुरवला. पैसा कुठून आला असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'कुठूनच नाही'. कारण नावं कळली तर मालकीण कामावरून काढणार. १९६८ साली डोरोथी बोल्डेन या घरकामगार बाईने अटलांटात घरकामगारांची संघटना बांधली, ती सिटी बसमध्ये बायकांशी बोलून बोलून.

आणि पत्ती? ती खुडणारे हातही बायकांचेच. २०१५ साली केरळात मुन्नारच्या मळ्यांतल्या बायका पुरुष पुढाऱ्यांना बाजूला सारून रस्त्यावर बसल्या आणि कापलेला वीस टक्के बोनस त्यांनी परत मिळवला.

हे सगळं लांबचं म्हणून सोडून द्यायचं का? 'आँटी'च्या जागी 'मावशी' ठेवून बघा. आपल्या किती घरांत मावशींचा कप वेगळा असतो? कान तुटलेला, ओट्याखाली ठेवलेला? किती जणींना त्यांचं आडनाव माहीत आहे?

"आम्ही त्यांना घरातलंच समजतो," असं उत्तर येतं. घरातल्या माणसाला कुणी उभ्याने चहा देत नाही. घरातल्या माणसाचा खाडा कापत नाही. दुसरं उत्तर येतं, "आम्हीच कुठे बसून पितो? आम्हीही दिवसभर राबतोच." हे मात्र खरं आहे, आणि गोम इथेच आहे. नवरा पाण्याच्या ग्लासासाठीही उठत नाही. त्याने न केलेलं काम बायकोवर येतं. बायकोला परवडलं की ती ते कमी पैशांत दुसऱ्या बाईवर ढकलते. उतरंडीतलं सगळ्यात वरचं मडकं जागचं हलत नाही आणि भांडण खालच्या दोघींत लागतं. मावशींचा पगार वाढवायचा म्हटलं की घासाघीस बाई करते. पुरुष वर्तमानपत्र वाचत असतो.

१९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण तो कल्याणाचा कायदा आहे, मजुरी ठरवून देणारा नाही. आठवड्याची सुट्टी, आजारपणाची भरपगारी रजा हे अजून बाईच्या मर्जीवर आहे. आणि ती बाई कित्येकदा आपल्यातलीच असते, मोर्चात शेजारी चालणारी.

म्हणून माझं म्हणणं असं. पाककृतीला नाक मुरडणं ही मुक्ती नव्हे. गार, गोड, लिंबाच्या वासाचा चहा निवांत बसून पिणं हा प्रत्येक बाईचा हक्क आहे. भांडण चहाशी नाही. करणारी एक आणि पिणारा दुसरा, या रीतीशी आहे. पुढच्या बैठकीला चहा आपण पाळीपाळीने करू. ग्लास सगळ्यांना एकसारखे असतील, मावशी खुर्चीवर बसतील, आणि बैठकीसाठी थांबावं लागलं तर त्या वेळेचे पैसे त्यांना मिळतील. घरी गेल्यावर नवऱ्याला आणि मुलग्यांना ही कृती शिकवू. साखर केव्हा घालायची ते त्यांनाही समजेल. आणि अंकात कृती देताना खाली चहा करणाऱ्या बाईचं पूर्ण नाव छापू. अर्थात त्यांना विचारून, आणि त्यांनी तो पिऊन पाहिल्यावर.