नाद असू द्या, पण रस्त्यावर नको

पाटण, मल्हारपेठ, मोरगिरी, ढेबेवाडी, तारळे, कोयनानगर, गाव कुठलंही असो, ज्यांच्या घरात बारा ते अठरा वयाचं पोरगं किंवा पोरगी आहे आणि जिचा-ज्याचा जीव गाडीत अडकलाय, त्या आईबापांसाठी हे लिहितोय. मुंबईला माथाडीत किंवा ड्रायव्हरकीवर असलेल्या चाकरमान्यांनीही वाचावं, कारण घरातल्या गाडीची किल्ली बऱ्याचदा तुमच्या माघारी पोराच्या हातात जाते.

आधी गोष्ट सरळ सांगतो. गाडीचा नाद वाईट नाही. आपल्या भागाला शर्यतीचा नाद पिढ्यान् पिढ्या आहे. २०१४ पासून बैलगाडी शर्यती बंद होत्या, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदाही कायम केला. तेव्हा गावोगावी किती आनंद झाला हे तुम्ही पाहिलंय. वेगाची ओढ आपल्या रक्तात आहे. प्रश्न एवढाच, की ती ओढ कुठं खर्च करायची?

संध्याकाळी कराड-चिपळूण रस्त्यावर किंवा कुंभार्लीच्या वळणांवर दोघं-तिघं मोटारसायकलींची शर्यत लावतात, एक जण मागं बसून मोबाईलवर शूटिंग करतो. समोरून ट्रक येतो, वळणावर शेतातून बैल येतात, शाळेची पोरं घरी निघालेली असतात. रस्ता शर्यतीसाठी बांधलेला नसतो. तिथं कडेला टायरची भिंत नाही, झेंडा दाखवणारा माणूस नाही, रुग्णवाहिका उभी नाही. अश्विन सुंदर हा चेन्नईचा ड्रायव्हर, एकेरी आसनाच्या फॉर्म्युला गाड्यांत राष्ट्रीय विजेता झालेला. मार्च २०१७ मध्ये चेन्नईच्या साध्या रस्त्यावर त्याची गाडी झाडाला धडकून पेटली. त्यात तो आणि त्याची बायको दोघंही गेले. ट्रॅकवर विजेता ठरलेल्या माणसालाही रस्ता सवलत देत नाही, मग आपल्या पोराचं काय?

कायदाही बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९९-अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन मिळत नाही. रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ वेगळंच. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोघांचा जीव गेला, तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं आईबापांकडं बोट दाखवलं. ते बोट उद्या आपल्याकडं वळू नये.

नुसतं "नको" म्हटलं की पोरगं चोरून करतं. म्हणून त्याला खरी वाट दाखवा. आपल्याला ती वाट लांब नाही. पाटणहून कराड, कराडहून कोल्हापूर, सव्वाशे किलोमीटरच्या आत. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथं झाल्या आहेत. कोल्हापूरचा ध्रुव मोहिते देशातल्या शर्यतींत नावाजला. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटनच्या फॉर्म्युला ३ मालिकेपर्यंत गेला. म्हणजे दक्षिण महाराष्ट्रातून हे होतं, फक्त मुंबई-बंगळुरूचं काम आहे असं नाही. पण हेही लक्षात घ्या, की त्यांची घरं मोठी आहेत. आपलं घर वेगळं असेल तर आपला हिशोबही वेगळा असला पाहिजे.

कार्ट म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण सगळं तिथंच शिकायचं असतं. जमिनीला जवळजवळ टेकलेली सीट, चार छोटी चाकं, मागं इंजिन. त्याला सस्पेन्शन नसतं, डिफरन्शिअलही नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की बसवलेली. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी, पण दोन्ही चाकं बांधलेली असल्यानं दोन्ही सारखीच फिरतात. त्यामुळं कार्ट वळायला नकार देतं, सरळ जायला बघतं. मग ड्रायव्हरनं स्टिअरिंग असं द्यायचं, की मागचं आतलं चाक तसूभर उचललं जाईल. ते उचललं की कार्ट वळतं. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रेषेत मारायचा. वळणात शिरल्यावर मारला तर मागचा भाग पुढं येतो आणि तोंड फिरतं. वळण संपत आलं, स्टिअरिंग सैल होऊ लागलं, की मगच ॲक्सिलरेटर दाबायचा. कोयनेच्या घाटात वीस वर्षं एसटी चालवलेल्या ड्रायव्हरला हेच करताना तुम्ही पाहिलं असेल. तो वळणाआधी गाडी आवरतो, वळणात शांत बसतो.

एवढं एक कौशल्य हाताला बसायला पोराला महिने लागतात, आणि हीच त्याची परीक्षा. पाचव्या फेरीनंतर ते कंटाळलं, मान दुखते म्हणून उतरलं, तर समजा त्याला वेगाचे व्हिडिओ आवडत होते, शर्यत नव्हे. घरी येऊन कुठल्या वळणावर आपण ब्रेक उशिरा मारला हे ते आपणहून सांगू लागलं, तर मात्र विचार करा.

पहिल्यांदा भाड्याच्या कार्टवर बसवा. ते जड, हळू आणि सोपं असतं. शर्यतीचं कार्ट वेगळं, १२५ सीसीचं दोन-स्ट्रोक इंजिन, हलकं आणि चटका देणारं. ते विकत घेण्याची घाई करू नका. त्या इंजिनचं आयुष्य तासांवर मोजतात. ठरावीक तास झाले की उघडून पिस्टन-रिंग बघाव्या लागतात. टायरही लवकर झिजतात. हेल्मेट, मानेचा पट्टा, बरगड्यांचं संरक्षण, सूट यात काटकसर करायची नाही. यातलं एकही नसताना कुणी पोराला बसवत असेल, तर तिथून परत या.

पुढची पायरी म्हणजे एकेरी आसनाची फॉर्म्युला गाडी. आपल्याकडं वर्षानुवर्षं फॉर्म्युला एलजीबी चालते, तिच्यात मारुतीचं १३०० सीसी इंजिन. या शर्यती कोईम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जास्त होतात. म्हणजे पाटणहून एका फेरीला हजार किलोमीटरच्या आसपास जायचं, तेवढंच परत यायचं. २०२३ पासून भारतीय फॉर्म्युला ४ मालिका सुरू झाली. त्यातल्या गाड्या फ्रान्सच्या मिगाल कंपनीच्या, डोक्याच्या रक्षणासाठी वर हेलोचं कडं असलेल्या. वयाची १५ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय त्यात उतरता येत नाही. पहिल्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचा कूपर वेबस्टर विजेता झाला. तेव्हा आपल्या पोराची गाठ फक्त गावच्या पोरांशी नाही, जगभरातल्या पोरांशी आहे.

आता हंगाम कसा चालतो ते समजून घ्या, कारण घरच्यांचा गोंधळ इथं होतो. बैलगाडी मैदानात गट, सेमी, फायनल एका दिवसात उरकतं आणि फायनल मारली की गुलाल. फॉर्म्युलाच्या हंगामात तसं नसतं. काही महिने फेऱ्या चालतात, एका फेरीत दोन-तीन शर्यती असतात आणि गुण साठत जातात. पहिल्याला २५, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५, मग १२, १०, ८, ६, ४, २, १. समजा एका पोरानं एक शर्यत जिंकली आणि दोन शर्यतींत गाडी ठोकली. त्याचे २५ गुण. दुसऱ्यानं तिन्ही शर्यतींत गपगुमान तिसरा नंबर काढला, त्याचे ४५. गुलाल पहिल्याला लागतो, हंगाम दुसरा नेतो. म्हणून पोरगं घरी आल्यावर "कितवा आलास?" हे पहिलं विचारू नका. शर्यत पूर्ण केली का, गाडी शाबूत आणली का, मागच्या वेळेपेक्षा वेळ कमी झाली का, हे विचारा. बाप कुंपणाबाहेरून ओरडला की पोरगं वळणात जास्तीची जागा शोधायला जातं आणि ठोकतं.

धोका नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर मोटारसायकल शर्यतीत बंगळुरूचा तेरा वर्षांचा मुलगा दगावला. ट्रॅकवर नियम, डॉक्टर, मार्शल असतात म्हणून धोका कमी होतो, संपत नाही. स्पर्धेला एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाची मान्यता आहे का, पोराचं स्पर्धेचं लायसन तिथून काढलंय का, विमा कोणता आणि किती, हे कागदावर बघा. तोंडी आश्वासनावर आणि मधल्या माणसाच्या हातात रोख पैसे देऊ नका. कुठल्या स्पर्धेची फी, कशाकशाची फी, टायर आणि तोडफोड कुणाच्या माथी, हे लिहून घ्या. गाडी ठोकल्यावरचं बिल अनेकदा फीपेक्षा जड असतं.

आता पैशाचं. युरोपात फॉर्म्युला ४ चा एक हंगाम कोटींत जातो. आपल्याकडं स्वस्त पडला तरी शेतकऱ्याच्या घराला झेपणारा नाही. आणि शेवटी किती जण पोहोचतात? फॉर्म्युला वनच्या शर्यतीत आजवर दोनच भारतीय उतरले, २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन आणि २०१० मध्ये करुण चंधोक. मुंबईचा जहान दारूवाला लहानपणी २०११ मध्ये फोर्स इंडियाच्या शोधमोहिमेत निवडला गेला, पुढं फॉर्म्युला २ मध्ये शर्यती जिंकल्या, तरी त्याला फॉर्म्युला वनची सीट मिळाली नाही. त्यानं विजेच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मध्ये वाट काढली. एवढा गुणी पोरगाही दारापर्यंत जाऊन थांबला. तेव्हा हात जोडून सांगतो, शेत गहाण टाकू नका, सोनं मोडू नका, कर्ज काढू नका. वर्षाला घरातून किती देऊ शकतो हा आकडा आधी ठरवा, पोरासमोर सांगा आणि तो संपला की त्या वर्षापुरतं थांबा. त्याहून जास्त लागत असेल तर प्रायोजक शोधणं हाही या खेळाचाच भाग आहे, ते त्याला शिकू द्या.

मुलींना यातून वगळू नका. बडोद्याची मीरा एर्डा फॉर्म्युला गाड्यांत उतरली, हिमाचलची श्रिया लोहिया भारतीय फॉर्म्युला ४ मध्ये धावली. कार्टमध्ये हेल्मेट घातलं की मुलगा-मुलगी कळत नाही, घड्याळालाही कळत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, कारण आपल्या तालुक्याला ते जास्त उपयोगाचं आहे. एक ड्रायव्हर ट्रॅकवर उतरतो तेव्हा त्याच्यामागं मेकॅनिक, टायरवाला, इंजिनवाला, आकडे वाचणारा इंजिनिअर आणि झेंडे धरणारे मार्शल असतात. ही कामं शिकून येतात, पैसे ओतून नाही. तुमचं पोरगं आयटीआयला असेल तर त्याला इंजिन उघडायला आवडतं का बघा. कराडचं शासकीय अभियांत्रिकी, सांगलीचं वालचंद, राजारामनगरचं आरआयटी, जिथं प्रवेश घ्याल तिथं विद्यार्थ्यांचा गाडी बनवणारा संघ आहे का हे पहिल्या वर्षीच विचारा. सुप्रा एसएई इंडियासारख्या स्पर्धेत देशभरातले विद्यार्थी स्वतः एकेरी आसनाची फॉर्म्युला गाडी बांधतात. चेसिसची वेल्डिंग, सस्पेन्शनची भूमिती, ब्रेकची चाचणी, खर्चाचा अहवाल, सगळं त्यांचंच. तिथं चार वर्षं घालवलेला मुलगा मुलाखतीत स्वतःच्या हातचं काम दाखवू शकतो.

तर आता काय करायचं ते सांगतो. आज रात्री गाडीची किल्ली पोराच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि का ठेवली ते त्याला सांगा. येत्या सुट्टीत त्याला कोल्हापूरला घेऊन जा, भाड्याच्या कार्टवर बसवा आणि तुम्हीही बसा. गणेश मंडळांनी आणि यात्रा कमिट्यांनी रॅलीत बुलेटचे फटाके फोडणाऱ्यांना पुढं चालवायचं बंद करावं. त्या रॅलीवर खर्च होणाऱ्या पैशांत तालुक्यातल्या पंधरा-वीस पोरांची एक सहल ट्रॅकवर जाईल. शाळेच्या मास्तरांनी आणि आयटीआयच्या निदेशकांनी ती सहल न्यावी. परतीच्या वाटेवर पोरांना एकच विचारावं, आज ब्रेक कुठं मारायला हवा होता? ज्यांना उत्तर देता येईल, त्यांची नावं लिहून ठेवा. आपल्याला तीच पोरं शोधायची आहेत.